आधी मेन बंद

स्वतःचा आवाज छतातून ऐकू यावा असं त्या सकाळी काही घडायचं कारण नव्हतं. सर नेहमीसारखे बस बदलून त्या काचेच्या इमारतीपाशी आले होते, दारावरच्या माणसाने त्यांच्या छातीवर 'पाहुणा' असं लिहिलेली चिकटपट्टी डकवली होती आणि लिफ्टमधून सातव्या मजल्यावर उतरून ते गालिच्यावरून चालू लागले होते. गालिचा असा जाड की आपण चालतोय याचा आपल्यालाच पत्ता लागत नव्हता. दोन्ही बाजूंना काचा, काचांमागे माना खाली घालून बसलेली माणसं, आणि पार टोकाला एक शिडी. शिडीवर दोन पाय. कमरेपासून वरचा सगळा देह छताची एक फरशी काढून केलेल्या चौकोनात गेलेला. पायांवरून सरांनी ओळखलं की ही आपली टिटवी, कारण संस्थेचा निळा गणवेश घालून पायात असले लालभडक बूट चढवणारी दुसरी कोणी नव्हती, आणि त्यावरून त्यांनी तिला वर्गात किमान दहा वेळा टोकलं होतं. मेस्त्री खाली शिडी धरून उभा होता. सर हाक मारणार एवढ्यात छत खाकरलं. "तर मुलांनो," छत म्हणालं आणि थांबलं. "आधी तत्त्व. तत्त्व कळलं की हात आपोआप चालतो. घाई कोणाला असते? घाई असते यमाला. आपल्याला कसली घाई?"

आवाज त्यांचा होता. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून निघालेला, पण त्यांचाच. वरचा एक दात पाडल्यापासून 'स' म्हणताना त्यांच्या तोंडून जी बारीक शिट्टी निघते, ती शिट्टीसुद्धा. आपल्याला शिट्टी येते हे सरांना माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात येत नसेल अशी त्यांची समजूत होती. आणि सगळ्यांत जिव्हारी लागला तो तो थांबा. 'मुलांनो' म्हटल्यावर वर्ग शांत व्हावा म्हणून ते थांबतात, वर्ग शांत होत नाही, मग जणू काही झालाच अशा थाटात ते पुढे बोलू लागतात. तो सगळा केविलवाणा हिशोब त्या पोरीने एका क्षणाच्या गप्प बसण्यात अचूक बसवला होता. मेस्त्री हसत होता. मोठ्याने नाही, पोट धरून, खांदे हलवत, डोळे पुसत, कामाच्या ठिकाणी माणसं जशी चोरून हसतात तसा. हसत हसतच शिडी सोडून तो पलीकडे कुठेतरी निघून गेला. तोवर सर मागच्या मागे सरकले होते. गालिच्याने त्यांना आवाज न होऊ देण्याचे उपकार केले. हाताला लागलेलं पहिलं दार त्यांनी उघडलं आणि चहाच्या खोलीत शिरून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जसं काही नक्कल त्यांनीच केली होती आणि पकडले जाण्याची भीती त्यांना होती.

चहाच्या खोलीत एक यंत्र होतं. बटण दाबलं की कागदी पेल्यात चहा नावाचं काहीतरी यायचं. सरांनी बटण दाबलं. पेला तिरका पडला, चहा बोटांवर सांडला, आणि तळपायाची आग मस्तकात जायला एवढं निमित्त पुरलं. या पोरीसाठी मी काय नाही केलं, ते मनाशी म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं, काय केलं बरं? तिला इथे लावून दिलं होतं, एवढंच. मुली शिडीवर कशाला चढवता असं म्हणणाऱ्या दोन कंपन्यांच्या पायऱ्या झिजवून तिसरीला तयार केलं होतं. गार हवेच्या यंत्रांची ही पदविका म्हणजे तीन दिवस वर्ग आणि दोन दिवस काम. दहावी झालेली, पुढे काय हे ठाऊक नसलेली पोरं. आणि माहितीपत्रकावर छापलेलं वाक्य, 'शिक्षण आणि काम हातात हात घालून'. ते वाक्य सरांनीच लिहिलं होतं, आणि आता ते वाचलं की त्यांना जत्रेत हात सुटू नये म्हणून एकमेकांना ओढणारं, रस्ताभर भांडणारं जोडपं दिसायचं. वर्ग म्हणतो समजून घे. काम म्हणतं उरक. सोमवारी वर्गात मुलांना सांगायचं की असं कधीच करू नका, आणि गुरुवारी तीच मुलं येऊन म्हणायची, सर, तिकडे असंच करतात. शुक्रवारी सर तिकडे जायचे. तिकडचे लोक म्हणायचे, पुस्तकात ठीक आहे हो. मग सोमवारी परत फळ्यापुढे. इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतून घडा भरणं तर सोडाच, आता त्यांचा हातच बधिर झाला होता.

टिटवी हे नाव तिला वर्गातल्या पोरांनी दिलं, ती एकसारखी टिवटिवते म्हणून. ती चिडली नाही. टिटवी समुद्र आटवते म्हणतात, असं तिने पोरांना ऐकवलं आणि वर, तुम्ही कोणी साधं डबकं तरी आटवून दाखवा, असंही. सरांनाही मुलांनी नाव दिलं होतं, 'तत्त्व'. 'तत्त्व आलं', 'तत्त्व आज चिडलंय', अशी नपुंसकलिंगी वाक्यं दाराआडून त्यांच्या कानावर येत. ते सहन व्हायचं. नाव म्हणजे लांबून मारलेला खडा. नक्कल म्हणजे कोणीतरी आपल्या घरात शिरून, आपला सदरा घालून, आपल्याच खुर्चीत बसलंय. प्रवेशाच्या दिवशी तिची आई आली होती. शिवणकाम करणारी बाई, बोटांना सुईच्या टोचण्यांनी आलेला खरबरीतपणा, आणि बोलणं कात्रीसारखं. सरांनी पदविकेबद्दल जे बोलायचं ते सगळं बोलून झाल्यावर तिने विचारलं होतं, "सर, तुम्हाला मुलगा आहे ना? त्याला घातलाय का इथे?" सर हसले होते. त्याची आवड वेगळी आहे, असं काहीतरी म्हणाले होते. मुलगा कुठल्याशा मोठ्या नावाच्या कॉलेजात कुठल्याशा मोठ्या नावाचा विषय शिकत होता, आणि दुपारी दोनपर्यंत झोपत होता. त्याची आवड काय हे विचारायचं धाडस सरांना कधी झालं नव्हतं. बाईने मुलीकडे बघून मान हलवली होती. ती पटल्याची होती की कीव आल्याची, हे सरांना अजून ठरवता आलं नव्हतं, आणि कधीकधी दात घासताना मध्येच ते ठरवायला बसत.

यात चूक सरांच्या वडिलांची, असं म्हणायचं तर तेही आता हयात नव्हते. वडील कारखान्यात लेथवर होते. संध्याकाळी घरी आले की घासलेटाने हात धूत, मग साबणाने, मग परत घासलेटाने, आणि तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायची. त्या हातांनी ते मुलाच्या पाठ्यपुस्तकाची पानं उलटायचे नाहीत. मुलाला उलटायला सांगायचे. "हे हात एकदा काळे झाले की पांढरे होत नाहीत," ते म्हणायचे. "तू डोक्याने खा." म्हणून सर यंत्रांचं शिकले, पण यंत्रांपासून हातभर लांब राहून. पदविकेला असताना त्यांनाही काम शिकायला पाठवलं होतं, एका बर्फाच्या कारखान्यात. तिथे पहिल्या दिवशी कोणीतरी त्यांच्या हातात किटली दिली आणि शेवटच्या दिवसापर्यंत ती कोणी परत घेतली नाही. अमोनियाचा तो डोळ्यांत झोंबणारा वास, लाकडी फळ्यांखाली घुमणारं पाणी, साच्यातून सुटणाऱ्या बर्फाच्या लादीचा तो कण्हल्यासारखा आवाज, हे सगळं त्यांना आजही आठवत होतं; पण काँप्रेसर कसा चालू करायचा ते नाही. कोणाला चहात किती साखर, ते मात्र पाठ. जाताना साहेबांनी पाठीवर थाप मारली होती, पोरगा शांत आहे म्हणून. मग नोकरी मिळाली ती शिकवण्याची. बर्फाच्या कारखान्यात जे कोणी शिकवलं नाही तेच पुस्तकातून काढून ते मुलांना शिकवू लागले, आणि सगळं मनापासून शिकवलं, हेही खरं. उंटावरून शेळ्या हाकतो हा, असं कोणी म्हटलं तर त्यांच्याकडे उत्तर होतं: निदान शेळ्या कुठे जातायत ते मला वरून दिसतं. हे उत्तर त्यांनी अजून कोणाला दिलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. आज छताने विचारलं.

पेला कचऱ्यात टाकून त्यांनी ठरवलं की आज हिची बदली करायची. कारण द्यायची गरज नाही. मूल्यमापनाचा दिवस आजच होता; कंपनीचा सुपरवायझर, मेस्त्री आणि सर यांनी एकत्र बसून मुलीबद्दल बोलायचं असा नियम होता. हाही सरांनीच बसवलेला, आणि बाकी नियमांसारखाच चहा पिण्याच्या कामी आलेला. दोन शब्द टाकले की झालं. वर्तनात गांभीर्य नाही. किती साधं वाक्य, आणि खोटंही नाही. हे वाक्य तोंडात घोळवत ते सुपरवायझरच्या खोलीत गेले तेव्हा त्यांना लिमलेटची गोळी चघळल्यासारखं बरं वाटत होतं.

खोली म्हणजे तळघरातली एक जागा, वर पाइपांची गर्दी, एका कोपऱ्यात काढून ठेवलेले जुने पंखे. सुपरवायझर तरुण होता, सरांच्या मुलाहून पाचसात वर्षांनी मोठा असेल. हातात पेन घेऊन तो त्याचं टोक आत-बाहेर, आत-बाहेर करत बसला होता. मेस्त्री कडेला स्टुलावर बसला. मघाचं हसू त्याच्या चेहऱ्यावरून पार पुसलं गेलं होतं. आता तो बोलावल्यामुळे आलेला माणूस होता.

"सर, बरं झालं आलात," सुपरवायझर म्हणाला. "या मुलीला तुम्ही दुसरीकडे कुठे लावा. आमचं काही भांडण नाही, हुशार आहे, पण इथे नको."

सरांना आयतं पान वाढलेलं दिसलं. तरी शिक्षकाची सवय. कारण विचारल्याशिवाय घास उतरेना. "काय केलं तिने?"

"काम थांबवते."

"म्हणजे? टंगळमंगळ?"

"टंगळमंगळ परवडली असती. विजेचा मेन बंद करायला लावते." पेनचं टोक बाहेर आलं. "प्रत्येक वेळी. तुम्हीच सांगा, एका मजल्यावर अर्धा दिवस काम चालणार. मेन बंद केला की त्या बाजूची सगळी हवा बंद. दहा मिनिटांत वरच्या लोकांचे फोन. आम्ही रिमोटवर यंत्र बंद करतो, पटकन हात घालतो, साफ करतो, की पुढचं. वर्षानुवर्षं असंच चाललंय. कोणाला काही झालंय का?"

सरांच्या डोळ्यांपुढे फळा आला. फळ्यावर त्यांनी दर वर्षी काढलेली तीच आकृती: रिमोटने बंद केलं तरी वायरपर्यंत वीज आलेलीच असते. आधी मेन बंद, मग टेस्टर लावून खात्री, मग हात. हे सांगताना मागच्या बाकावर पोरं बूट बाकाच्या नळीवर आपटत असतात. हे सांगताना ते स्वतःच कधीकधी दुसरा विचार करत असतात. "आणि तुम्ही बंद करता?" त्यांनी मेस्त्रीला विचारलं. "ती सांगते म्हणून?"

मेस्त्री आपल्या तळहाताकडे बघत म्हणाला, "सांगत नाही हो. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? कालची पोर. पहिल्या दिवशी सांगून बघितलं तिने, मी म्हटलं, पोरी, मी तुझ्या जन्माआधीपासून शिड्या चढतोय. गप्प बसली. दुसऱ्या दिवशी शिडीवर चढली आणि एकदम तुमच्यासारखी बोलायला लागली." सरांच्या तोंडाकडे बघावं की नाही हे त्याला कळेना. "माफ करा, पण हुबेहूब. घसा खाकरते, यमाला घाई आहे म्हणते. माणूस हसायला लागतो. आणि हसत हसत जाऊन मेन बंद करून येतो, बंद केल्यावर लक्षात येतं की च्यायला, हिने केलं वाटतं परत. आता सवय झाली. तिचं भाषण झाल्याशिवाय मीही हात घालत नाही. आजही तेच."

आपलं हसं होत होतं तेव्हा मेस्त्री शिडी सोडून कुठे गेला होता, हे सरांना आत्ता कळलं. कळल्यावर बरं वाटायला हवं होतं; तसं वाटलं नाही. उलट राग जागच्या जागी राहिला आणि त्याच्या खालची जमीन मात्र सरकली. मघापासून ज्या वाक्याची गोळी चघळत होते ती तोंडात कडू झाली. म्हणजे मी वीस-बावीस वर्षं घसा फोडून सांगतोय ते कोणी ऐकलं नाही, आणि माझी टर उडवली की लोक उठून मेन बंद करतात? मग मी कोण? मी लागतो की माझी नक्कल पुरते? त्यांना हसूही आलं असतं, पण सुपरवायझरने तेवढ्यात पेनचं टोक पुन्हा आत-बाहेर केलं.

"वर्तन असमाधानकारक, एवढं घाला," तो म्हणाला. "आपल्यात राहील. बाकीची मुलं छान आहेत तुमची. गप्प असतात."

गप्प असतात. सरांना बर्फाच्या कारखान्यातली ती पाठीवरची थाप आठवली. तिची ऊब सदऱ्याखाली अजून शिल्लक असावी तसं काहीतरी वळवळलं. ते म्हणाले, प्राचार्यांशी बोलतो, आणि जिन्यात जाऊन फोन लावला. प्राचार्य एका दुसऱ्या फोनवरही बोलत होते. "हे बघा," ते म्हणाले, "ताणू नका. एवढी मुलं घेणारी दुसरी कंपनी तुमच्या खिशात आहे का? एक मुलगी हलवायची, त्यात काय मोठंसं. तिचंही भलंच होईल. आणि फोटो काढायला विसरू नका, मुलं काम करतानाचे. हेल्मेट घालून." बरं, सर म्हणाले. फोन ठेवल्यावर ते जिन्याच्या कठड्याला हात लावून उभे राहिले. कठडा गार होता. वरून, खूप वरून कुठूनतरी, शिडी सरकवल्याचा आवाज आल्यासारखं वाटलं. बाकीची मुलं कुठल्या मजल्यांवर असतील, त्यांनी मनात मजले मोजायचा प्रयत्न केला. गप्प मुलं. गप्प मुलांच्या मजल्यावर मेन कोण बंद करतं?

पुढे जे झालं त्याला पुष्कळ लोकांनी नंतर पुष्कळ नावं दिली. प्राचार्यांनी त्याला आततायीपणा म्हटलं, एका सहकाऱ्याने बाणेदारपणा म्हटलं, बायकोने "एवढ्या वर्षांनी हे काय सुचलं तुम्हाला" एवढंच म्हटलं. सरांना विचाराल तर धैर्य वगैरे त्यात काही नव्हतं. होता तो निव्वळ वैताग. तो सांडलेल्या चहाचा होता, त्या पेनच्या टकटकीचा होता, हेल्मेट घालून काढायच्या फोटोंचा होता, आणि थोडा, खोटं कशाला बोला, त्या शिट्टीचाही होता. ते खोलीत परत गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "मग सगळीच नेतो."

"सगळी काय?"

"मुलं. माझी सगळी मुलं. आत्ता खाली बोलवा त्यांना. मेन बंद करत असाल तर ठेवतो, नसाल तर चाललो."

सुपरवायझरला आधी ते गमतीचं वाटलं. मग तो समजावू लागला, मग चिडला, मग म्हणाला की तुमच्या संस्थेला पुन्हा दारात उभं करणार नाही. सरांनी मेस्त्रीकडे बघितलं. मेस्त्री स्टुलावरून उठून कोपऱ्यातल्या पंख्याचं एक पातं उगाच हाताने फिरवत होता. त्याला कुठे जायचं नव्हतं. त्याला उद्याही इथेच यायचं होतं, ही गोष्ट त्या वेळी सरांच्या ध्यानात आली नाही. मुलं एकेक करून खाली आली, पाठीवर पिशव्या, केसांत धूळ, काय झालं कोणालाच माहीत नाही. टिटवी सगळ्यांत शेवटी आली, कारण तिने वरची फरशी नीट बसवून, शिडी मिटवून, खाली पसरलेलं फडकं झटकून घडी घातल्याशिवाय मजला सोडला नव्हता.

बाहेर ऊन कडक होतं. सगळे बसथांब्याकडे चालले. मुलांना एवढंच कळलं होतं की सरांनी काहीतरी बिघडवलंय. एकाने हळूच विचारलं की आता पदविकेचं कसं, कामाचे तास भरले नाहीत तर वर्ष जाईल का. सर म्हणाले, बघू. हे 'बघू' त्यांच्या स्वतःच्याच कानाला इतकं पोकळ लागलं की ते आणखी वैतागले. थांब्यावर टिटवी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. त्यांना वाटलं, ही आता माफी मागेल. नकलेची. आणि आपण मोठ्या मनाने हात हलवून सोडून देऊ. तसं वाक्यही त्यांनी मनात तयार केलं.

"सर, माझ्यामुळे झालं का हे?"

"तुझ्यामुळे नाही. तुझी काही चूक नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण रडण्याने नव्हे, रागाने. "मी विचारतेय, माझ्यासाठी केलंत का? मला एका शब्दाने विचारलं असतंत. मी हळूहळू वळवत आणलं होतं मेस्त्रीकाकांना. हसवून हसवून. पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्या बोलण्याची वाट न बघता स्वतःच बंद केला असता. तुम्ही येऊन पाच मिनिटांत सगळं मोडलंत."

"तिथे धोका होता," सर म्हणाले. "तुला एखाद्या दिवशी—"

"मला नव्हता. मी मेन बंद झाल्याशिवाय हात घालतच नव्हते. आता आम्ही सगळे इथे खाली उभे आहोत, झाडाखाली, सुरक्षित." 'सुरक्षित' हा शब्द तिने सरांच्याच पुस्तकातून काढून त्यांच्या पुढ्यात टाकला. "आणि काका दुपारी परत शिडीवर चढतील. आता त्यांचा मेन कोण बंद करणार?"

बस आली. मुलं चढली. सर चढले नाहीत. आपल्याला काहीतरी काम आहे असं त्यांनी सांगितलं आणि ते बराच वेळ त्या थांब्यावरच बसून राहिले. छातीवर 'पाहुणा' अशी पट्टी तशीच होती. त्यांनी आयुष्यभर मुलांचा विचार केला होता. मेस्त्री म्हणजे मुलं ज्याच्या हाताखाली असतात तो, असा त्यांच्या आकृतीतला एक चौकोन होता. चौकोनात माणूस आहे आणि त्यालाही विजेचा धक्का बसतो, हे त्या पोरीने आकृती न काढता सांगितलं होतं. ते बरोबर होते. त्यांना खात्री होती की ते बरोबर होते. आणि बरोबर असून इतकं चुकल्यासारखं वाटण्याची ही कुठली पद्धत, याचा त्यांना भयंकर संताप आला.

पुढचे आठवडे वाईट गेले. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर बोलून घेतलं. पालकांच्या सभेत एका गृहस्थांनी विचारलं की तुमच्या तत्त्वाची किंमत आमच्या पोरांनी का भरायची, आणि ते गृहस्थ चुकीचं बोलत होते असं सरांना म्हणता येईना. मग सर स्वतः बाहेर पडले. ज्या माणसाने दुकानात सुट्टे पैसे मागायलाही कधी तोंड उघडलं नव्हतं, तो दारोदार फिरून विचारू लागला की आमची मुलं घ्याल का, आणि घेतलीत तर मेन बंद कराल का. हा दुसरा प्रश्न ऐकला की लोकांची तोंडं बदलत. एक दिवस टिटवीची आई संस्थेत आली. सरांनी खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही. मुलीला घरी अबोला धरायची सवय नाही, पण हल्ली ती धरते, एवढं तिने सांगितलं, आणि मग म्हणाली, "तुम्ही एकटे कशाला फिरता? तिला न्या की बरोबर. तिला बोलता येतं." सरांना ते फार लागलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बरोबर नेलं.

तिने रस्ताभर त्यांच्याशी मोजकंच बोलायचं ठरवलं होतं, पण ते तिला साधलं नाही. दुधाच्या शीतगृहाच्या मालकापुढे सर तत्त्व सांगू लागले तेव्हा तिने मध्येच तोंड घातलं, त्याला विचारलं की तुमचं दूध मागच्या खेपेला कधी नासलं, आणि मग का नासलं असेल यावर त्याच्याशी अर्धा तास वाद घातला. मालक हसला नाही, पण त्याने तिला आणि आणखी दोघांना घ्यायचं कबूल केलं. "हे कोण?" त्याने सरांकडे बोट करून तिलाच विचारलं. "आमचे सर," ती म्हणाली. "किरकिरे आहेत थोडे, पण चालतील." बाकीच्या मुलांना जागा मिळायला अजून बराच काळ गेला. दोघांना मिळालीच नाही. त्यातला एक पदविका सोडून कुठे मालवाहू गाडीवर लागला. सरांना तो रस्त्यात दिसला की ते वाट बदलत नसत, पण बदलावीशी वाटे.

एका सोमवारी ते फळ्यापुढे उभे होते. उकाडा होता, वर्गातला पंखा आवाज तेवढा करत होता, आणि वीज कुठून कुठे जाते ते सांगताना त्यांनी खडूने रेघ ओढली होती. मधल्या बाकावर फोन थरथरला. वर्गात फोन चालणार नाही असा नियम होता, त्यांचाच. टिटवीने बाकाखाली हात घातला.

"फोन बंद," सर म्हणाले.

"एक मिनिट, सर."

"एक मिनिट नाही. बंद म्हणजे बंद. किती वेळा सांगायचं तेच तेच?"

ती उभी राहिली. ओरडून बोलली नाही. उलट, तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "काकांचा आहे. मेस्त्रीकाकांचा. चढायच्या आधी ते मला कळवतात, बंद केला म्हणून. मी 'टेस्टर लावला का' विचारते. ते लावतात. मग चढतात. आम्ही तिथून निघालो तेव्हापासून असंच ठरलंय आमचं." तिने एकदा फोनकडे आणि एकदा सरांकडे बघितलं. "मी उत्तर दिल्याशिवाय ते चढणार नाहीत, सर. खाली उभे असतील."

वर्ग गप्प झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमका आत्ता, सरांना काही बोलायचं नसताना. त्यांच्या बोटांतला खडू घामाने ओला झाला होता. संताप होताच, तो काही गेला नव्हता: नियमावर, पंख्यावर, सुपरवायझरवर, त्या पोरीवर. आपल्याला हे एका शब्दाने सांगायचं तिला इतके दिवस सुचलं नाही, यावर तर फारच. शहरात कुठेतरी एका जाड गालिच्यावर एक माणूस शिडीला हात लावून उभा होता.

"मग बघतेस काय माझ्या तोंडाकडे," सर म्हणाले. "विचार त्याला."

ती टाइप करू लागली. सर फळ्याकडे वळले नाहीत. सगळा वर्ग, आणि ते, उत्तराची वाट बघत राहिले.